‘परत जाल ना?’ : कॅनडाच्या विद्यार्थी परवान्यामागचा प्रश्न

कॅनडाने विद्यार्थी परवाना नाकारला की अर्जदाराच्या हाती एक छोटेसे, छापील वळणाचे पत्र येते. त्यातले कारण अनेकदा गुणांचे नसते, इंग्रजीचे नसते, कॉलेजच्या दर्जाचेही नसते. मुक्कामाची मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडून जाल याबद्दल माझी खात्री पटलेली नाही, असे त्यात अधिकाऱ्याने कळवलेले असते. मुलाने शिकायला येऊ का म्हणून विचारलेले असते, आणि त्याला उत्तर मिळते ते जाण्याबद्दल. घरचे चक्रावतात. एजंट ‘यंदा कोटा संपला’ किंवा ‘ऑफिसर कडक होता’ असे सांगून पुढच्या सत्राची फी मागतो. पत्रातल्या त्या वाक्याचा अर्थ मात्र कोणी समजावून सांगत नाही. खरे तर सगळी फाइल त्या एका वाक्याभोवतीच रचलेली असते.

आधी एक घोळ दूर करू. आपण सरसकट ‘स्टुडंट व्हिसा’ म्हणतो, पण कॅनडाच्या बाबतीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा म्हणजे पासपोर्टवर चिकटवलेला, देशाच्या दारापर्यंत येण्याची मुभा देणारा कागद. परवाना म्हणजे आत राहून शिकण्याची परवानगी. अर्ज मंजूर झाला तरी भारतात परवाना हाती पडत नाही. पडते ते एक ओळखपत्रवजा मंजुरीपत्र आणि पासपोर्टवरचा व्हिसा. परवाना छापला जातो कॅनडाच्या विमानतळावर, तिथल्या सीमा अधिकाऱ्याच्या टेबलावर. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या अभ्यासक्रमाला बहुधा परवाना लागतच नाही. पुण्या-मुंबईतल्या व्हीएफएसच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, पासपोर्ट जमा करून घेतात; निर्णयात त्यांचा काही वाटा नसतो. तिथल्या कर्मचाऱ्याला ‘जरा बघा ना साहेब’ म्हणून काही उपयोग नाही.

या परवान्याचा कायदा २००१ साली संमत झाला आणि जून २००२ पासून लागू झाला. स्थलांतर आणि निर्वासित अशा दोन्ही विषयांचा तो एकच कायदा आहे. त्याखालच्या नियमावलीत २१६ क्रमांकाचा नियम विद्यार्थी परवान्याचा. अधिकाऱ्याने परवाना केव्हा द्यावा हे त्यात सांगितले आहे, आणि अटींच्या यादीत अगदी वरच्या बाजूला ही अट आहे की अर्जदार मुदतीअखेर देश सोडून जाईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. पैशांची अट २२० क्रमांकाच्या नियमात आहे: शुल्क, राहण्याखाण्याचा खर्च आणि येण्याजाण्याचे भाडे, तेही कॅनडात नोकरी न करता. खात्री पटवण्याचे ओझे पूर्णपणे अर्जदारावर. बहुतेक वेळा मुलाखत होत नाही. कागद कमी पडला तर अधिकाऱ्याने विचारलेच पाहिजे असेही बंधन नाही. आपल्याकडे तलाठ्याच्या कार्यालयात ‘अमुक दाखला राहिला, उद्या घेऊन या’ असे तरी सांगतात. इथे जे पाठवले त्यावरच निकाल.

आता गंमत पाहा. त्याच कायद्याच्या २२व्या कलमात म्हटले आहे की, पुढे कायम रहिवासी होण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही. फक्त, मुदत संपेपर्यंत कायम वास्तव्य मिळाले नाही तर तो माणूस निघून जाईल, एवढी खात्री हवी. याला दुहेरी हेतू म्हणतात. म्हणजे ‘मला तिथे स्थायिक व्हायला आवडेल’ असे म्हणणे बेकायदा नाही. कॅनडाने स्वतःच ती इच्छा जोपासली आहे. शिक्षण संपल्यावर तीन वर्षांपर्यंत कामाचा परवाना मिळू शकतो, आणि कायम वास्तव्यासाठीच्या गुणांकनात कॅनडात घेतलेल्या पदवीला जादा गुण असतात. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत अभ्यासक्रमापेक्षा या गोष्टीच ठळक छापलेल्या दिसतात. जाहिरात राहण्याची, आणि फॉर्ममध्ये मात्र जाण्याची हमी. एजंट मुलांना सांगतात, ‘राहायचंय असं चुकूनही लिहू नका.’ मग मुले लिहितात की भारतात परतून वडिलांच्या व्यवसायाला हातभार लावणार. आणि वडील तर एसटीत वाहक असतात. हे न जुळणारे वाक्य अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. कायदा खोटे बोलायला सांगत नव्हता, तरी खोटे बोलले जाते.

हा ‘परत याल ना?’ प्रश्न परदेशी शिक्षणाइतकाच जुना आहे; फक्त विचारणारा बदलत गेला आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा अमेरिकेने त्यांच्याकडे परवाना मागितला नव्हता. प्रश्न विचारत होता तो आपला समाज, आणि त्याला त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत उत्तर दिले: हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. जाण्यापूर्वी त्यांना करारनामा करून द्यावा लागला, की शिक्षण संपल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करीन. परतण्याची हमी मागणारा तेव्हा पाठवणारा होता, कारण पैसा त्याचा होता. आज पैसा विद्यार्थ्याच्या घरचा किंवा बँकेचा असतो आणि हमी मागतो तो यजमान. हा बदल पहिल्या महायुद्धानंतरचा. युद्धकाळात पासपोर्टची सक्ती आली, भारतात १९२० साली त्याचा कायदा झाला, आणि तेव्हापासून माणसाच्या हेतूची तपासणी हे सरहद्दीवरच्या सरकारचे काम होऊन बसले.

हेतू तर दिसत नाही. म्हणून अधिकारी खुणा पाहतो. घरी आईवडील आहेत का, लग्न झाले आहे का, जोडीदार सोबत येणार की मागे राहणार, नोकरी आहे का आणि तिने रजा दिली आहे का, जमीनजुमला काय. त्यात एक विचित्र तराजू आहे. अविवाहित असाल तर ‘मागे ओढणारे कोणी नाही’. विवाहित असून जोडीदाराला नेत असाल तर ‘मागे कोणी उरतच नाही’. कॅनडात मावशी असेल तर तो आधारही ठरतो आणि राहून जाण्याचे आमिषही. कॅनडाच्या फेडरल कोर्टाने अशा तर्कांना एकाहून अधिक निकालांत फटकारले आहे. तरुण असणे, अविवाहित असणे, डोक्यावर संसाराची जबाबदारी नसणे ही विद्यार्थ्यांची नेहमीचीच अवस्था आहे; तेवढ्यावरून माणूस परत जाणार नाही असे म्हणता येत नाही, हा त्या निकालांचा आशय. हे निकाल कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि मला वाटते की हजारो रुपये मोजून ‘एसओपी’ लिहून घेण्यापेक्षा त्यातले चार-पाच वाचणे जास्त उपयोगाचे आहे.

एसओपी म्हणजे ते हेतुपत्र. खरे म्हणजे अर्जाला जोडायचे स्पष्टीकरणाचे पत्र. त्यात काय पाहिजे? हाच अभ्यासक्रम का, याच्यासारखा भारतात आहे तो का नको, आधी जे शिकलो त्याच्याशी याचा संबंध काय, आणि एवढा खर्च कसा परवडतो. बी.ई. झालेला मुलगा एखाद्या कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदविकेला जातो तेव्हा अधिकाऱ्याला ती पायरी खालची वाटते. त्याचे उत्तर पत्रात नसेल तर तो आपल्या मनाने शोधतो, आणि ते उत्तर ‘याला फक्त आत यायचे आहे’ असे असते. उलट उत्तर साधे असू शकते: मेकॅनिकल झालो, चार वर्षे गोदामाच्या व्यवस्थापनात काम केले, आता पुरवठासाखळीचे शिक्षण पाहिजे. एवढे नीट, कागदांच्या आधाराने लिहिले तर अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. एकाच साच्यातली पत्रे शेकडो अर्जांत येतात हे तिकडे चांगले ठाऊक आहे.

अधिकाऱ्याला एका फाइलसाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो. २०१८ पासून या खात्यात ‘चिनूक’ नावाचे एक्सेलवर आधारलेले साधन वापरात आले. त्यात अनेक अर्जदारांची माहिती एका तक्त्यात ओळीने दिसते. निर्णय माणूसच घेतो, असे खाते सांगते. पण ज्या तक्त्यात माणसाची एक ओळ होते, तिथे आपली अडचण त्या ओळीत दिसेल की पाठवलेल्या चाळीस पानांत दडून राहील, याचा विचार अर्ज करतानाच करायला हवा.

पैशांचा भाग आपल्याकडच्या घरांना सर्वांत जड जातो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपासून एका विद्यार्थ्याने वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी १०,००० डॉलर दाखवले की भागत असे. दोन दशके तो आकडा हलला नाही, घरभाडी मात्र कुठच्या कुठे गेली. त्यामुळे कागदावर ‘पुरेसा’ पैसा असलेली मुले तिथे एका खोलीत पाच-सहा जण राहू लागली आणि अन्नछत्रांपुढे रांगेत उभी राहू लागली. १ जानेवारी २०२४ पासून हा आकडा २०,६३५ झाला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने ठरवलेल्या अल्प उत्पन्नाच्या रेषेच्या पाऊणपट, असे त्याचे गणित आहे. दरवर्षी तो त्या रेषेबरोबर सरकणार. आजच्या दराने हे १४ लाख रुपयांच्या वर जातात. पहिल्या वर्षाचे शुल्क आणि प्रवासखर्च याहून वेगळा. क्वेबेक प्रांताचा हिशोब स्वतंत्र आहे.

हे पैसे दाखवायचे कसे? बँकेतली शिल्लक, शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र, शिष्यवृत्ती, किंवा कॅनडातल्या बँकेत ठेवलेली जीआयसी नावाची ठेव. या ठेवीतली थोडी रक्कम पोचल्यावर आणि उरलेली वर्षभर हप्त्याहप्त्याने विद्यार्थ्याला परत मिळते. भारतासह काही देशांसाठी २०१८ साली सुरू झालेल्या जलद मार्गात, म्हणजे एसडीएसमध्ये, ही ठेव सक्तीची होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मार्गच बंद झाला. ठेव आता ऐच्छिक आहे, तरी पुरावा म्हणून भक्कम मानतात. शिल्लक नुसती मोठी असून चालत नाही, ती कुठून आली हे दिसले पाहिजे. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम १५ लाख आले, तर ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहतोच. आपल्याकडे काकाने, मामाने, गावातल्या पतसंस्थेने मिळून रक्कम उभी करण्याची रीत आहे; ती लबाडी नव्हे. पण त्या प्रत्येक रकमेमागे देणाऱ्याचे पत्र आणि त्याच्या उत्पन्नाचा पुरावा नसेल तर दूरच्या अधिकाऱ्याला तो उसना देखावा वाटतो.

इथे सातबाऱ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. शेतकरी घरातल्या फाइलमध्ये सातबारा आणि सीएने केलेले जमिनीचे मूल्यांकन हटकून असते. किंमत ८० लाख, १ कोटी अशी लिहिलेली. घरच्यांना वाटते, एवढी ऐपत दाखवली, आता काय अडणार! परंतु जमीन म्हणजे हातातला पैसा नव्हे. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकता येते, आणि ती विकून मुलाची सत्राची फी वेळेवर भरता येईल असे गावातला माणूसही म्हणणार नाही. बँकाही शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला नाखूश असतात, कारण थकीत कर्जाची वसुली सोपी करणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. त्यावर शहरातला फ्लॅट किंवा मुदत ठेव पाहिजे. म्हणजे ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याला कर्ज मिळत नाही आणि ज्याच्याकडे दोन खोल्यांचा फ्लॅट आहे त्याला मिळते. सातबाऱ्याचा खरा उपयोग परतण्याची ओढ दाखवण्यासाठी आहे, पैसा दाखवण्यासाठी नाही. तिथेही ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा असेल तर भाषांतरात तो उतरतो, आणि त्याचे स्पष्टीकरण दिलेले बरे.

पैशाच्या अटीला कॅनडात जुना इतिहास आहे. १९०८ साली तिथल्या सरकारने नियम केला की आशियातून येणाऱ्याच्या हातात २०० डॉलर असले पाहिजेत. इतरांसाठी रक्कम २५ डॉलर होती. सोबतच मायदेशाहून सलग प्रवास करूनच यावे, अशी अट घातली, आणि भारताहून थेट जहाज मिळू नये अशी तजवीज केली. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला पोचले, तेव्हा मोजक्या लोकांनाच उतरू दिले आणि दोन महिन्यांनी जहाज परत पाठवले. त्याबद्दल १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत माफी मागितली. आजची अट सर्व देशांना सारखी आहे, ही गोष्ट छोटी नाही. तरीही माणसाचा हेतू त्याच्या खिशावरून ओळखण्याची सवय नवी नव्हे, एवढे लक्षात राहते.

मग मधल्या काळात दारे इतकी सताड उघडी कशी होती? त्याचे कारण कॉलेजांच्या ताळेबंदात आहे. ऑन्टारिओ प्रांताने २०१९ साली स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क १० टक्क्यांनी कमी केले आणि मग गोठवले. खड्डा भरला तो परदेशी विद्यार्थ्यांनी. त्या प्रांताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालानुसार सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी ३० टक्के होते आणि शुल्काच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के. उत्तरेकडच्या छोट्या गावांतली कॉलेजे टोरोंटोजवळ खासगी भागीदारांकरवी वर्ग चालवू लागली. विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटाला दलाली कॉलेजच देत होते. म्हणून तो तुमच्यासाठी ‘मोफत’ काम करत होता. २०२३ अखेर वैध परवानाधारकांची संख्या १० लाखांवर गेली. त्यांत दहातले चार भारतीय. घरभाडी भडकली, राजकारण तापले, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी मंत्री मार्क मिलर यांनी मर्यादा जाहीर केली: त्या वर्षी सुमारे ३,६०,००० मंजुऱ्या, आधीपेक्षा ३५ टक्के कमी. २०२५ साठी आकडा ४,३७,०००, पण त्या वर्षी एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी.वालेही त्यात मोजले गेले. प्रत्येक प्रांताला वाटा ठरवून दिला आणि प्रांताचे साक्षांकनपत्र, म्हणजे पीएएल, जोडल्याशिवाय अनेक अर्ज दाखलच होत नाहीत. ते पत्र कॉलेजमार्फत मिळते. त्याची मुदत तपासून घ्यावी.

एजंटाच्या या धंद्याची किंमत काही मुलांनी फार वाईट मोजली. २०२३ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात जालंधरच्या एका एजंटाने बनावट प्रवेशपत्रांवर मुलांना कॅनडात पाठवले होते. पोचल्यावर ‘त्या कॉलेजात जागा राहिली नाही’ असे सांगून त्यांना दुसरीकडे जायला लावले. मुले शिकली, नोकरीला लागली, आणि कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर मूळ पत्र खोटे असल्याचे निघाले. कायद्याच्या ४०व्या कलमानुसार चुकीची माहिती देणाऱ्यावर पाच वर्षे प्रवेशबंदी येते, आणि एजंटाने केलेली लबाडी अर्जदाराच्याच नावावर जमा होते. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब क्वचित टिकते. निदर्शने झाली, सरकारने प्रत्येक प्रकरण तपासायला पथक नेमले, खरोखर फसलेल्यांची हकालपट्टी थांबवली. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा थेट कॉलेजकडून केली जाते. पुढच्या दहा महिन्यांत सुमारे ५ लाख पत्रे तपासली गेली आणि १०,००० वर संशयास्पद निघाली. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस वकील किंवा तिथल्या सल्लागार परिषदेचा परवानाधारक असावा लागतो. परिषदेची यादी सार्वजनिक आहे. आपल्या तालुक्यातल्या ‘ओव्हरसीज’ पाटीवरचे नाव तिच्यात शोधून पाहायला दोन मिनिटे लागतात. अर्जाचे ऑनलाइन खाते मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर असावे आणि काय दाखल केले त्याची प्रत घरात असावी.

नकार आल्यावर काय? पूर्वी अधिकाऱ्याची टिपणे माहितीचा अर्ज करून मागवावी लागत आणि त्यात आठवडे जात. २९ जुलै २०२५ च्या घोषणेनुसार ही टिपणे नकारपत्रासोबतच मिळू लागली आहेत. ती आधी वाचावीत. त्यातून दिसते की शंका पैशाची होती, अभ्यासक्रमाची की परतण्याची. तेच कागद पुन्हा जोडून महिनाभरात दुसरा अर्ज टाकणे म्हणजे तोच नकार पुन्हा विकत घेणे. १५० डॉलर परत मिळत नाहीत. दुसरा मार्ग फेडरल कोर्टाचा. परदेशातल्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत परवानगीचा अर्ज करावा लागतो. कोर्ट स्वतः परवाना देत नाही. निर्णय वाजवी होता का, एवढेच ते पाहते. ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ‘वाविलोव्ह’ खटल्यात स्पष्ट केली. कारणमीमांसा लांबलचक नसली तरी चालेल, पण समोरच्या पुराव्याला ती भिडली पाहिजे. अर्जदार जिंकला तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि तो पुन्हा नाही म्हणू शकतो. निकालाला आधी १४ ते १८ महिने लागत. ऑक्टोबर २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांसाठी प्रायोगिक जलद पद्धत आहे, तीत साधारण पाच महिन्यांत निकाल अपेक्षित असतो. तोवर प्रवेशाचे सत्र निघून गेलेले असते, हे वेगळे सांगायला नको. कॉलेजकडून प्रवेश पुढे ढकलून घेण्याचे पत्र आधीच मागून ठेवावे.

ज्यांना मंजुरी मिळते त्यांनी विमानतळावर परवाना हातात घेतल्यावर तिथेच, टेबलापासून हलण्यापूर्वी वाचून काढावा. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, विशेषतः आपल्याकडचे वडिलांचे नाव मधे असते ते. आवाराबाहेर काम करण्याची नोंद आहे का (सध्या सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास). मुदत अभ्यासक्रमापेक्षा कमी तर पडली नाही ना, साधारणतः अभ्यासक्रम अधिक ९० दिवस अशी ती असते, पण पासपोर्ट आधी संपत असेल तर त्याच तारखेला तुटते. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर महिने लागतात. त्याच कागदावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत दोन ओळी असतात. एकीत लिहिलेले असते की या कागदावर पुन्हा प्रवेश मिळणार नाही. दुसरीत, कॅनडा कोणत्या तारखेपर्यंत सोडायचा ती तारीख.